कमवा आणि शिका

कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये एक उंचपुरा, धिप्पाड मुलगा शिकत होता. कुस्तीत आणि पोहण्यात तो सर्वांच्या पुढे असे. वर्गात मात्र त्याचे मन रमत नसे. गणित तर त्याला मुळीच जमत नसे. एका वर्षी तो गणितात नापास झाला. राजर्षी शाहू महाराज या मुलाला ओळखत होते. त्यांनी गणिताच्या शिक्षकांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. शिक्षक करारी होते. हा मुलगा ज्या बाकावर बसतो तो बाक हवा तर वरच्या वर्गात पाठवतो, पण मुलाला पाठवणार नाही, असे त्यांनी महाराजांना सांगितले, अशी गोष्ट आजही सांगितली जाते.

गणितात नापास झालेला हा मुलगा म्हणजे भाऊराव पायगोंडा पाटील. पुढे याच भाऊरावांनी हजारो गरीब मुलांना पैसा कसा मिळवावा, कसा वाचवावा आणि त्याचा हिशेब कसा ठेवावा हे शिकवले. त्यासाठी त्यांनी पुस्तक लिहिले नाही की भाषणे देत बसले नाहीत. त्यांनी मुलांच्या हाती कुदळ दिली, पोळपाट-लाटणे दिले आणि जमाखर्चाची वही दिली.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज या गावी एका जैन कुटुंबात झाला. त्यांचे वडील सरकारी नोकरीत होते. त्यांची बदली होई तेव्हा घरही एका गावाहून दुसऱ्या गावी जाई. लहानपणापासून भाऊरावांना अन्याय सहन होत नसे. अस्पृश्य मानलेल्या लोकांना एका विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. छोट्या भाऊरावाने त्या विहिरीचा रहाट मोडून टाकला. ज्या पाण्यावर सर्वांचा हक्क नाही, ते कोणालाच मिळू नये, असे त्या मुलाच्या मनाने घेतले होते.

कोल्हापुरात ते जैन वसतिगृहात राहत होते. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी ते मानले नाही. त्यांना वसतिगृह सोडावे लागले. पुढे शाहू महाराजांनी त्यांना आपल्या वाड्यात आश्रय दिला. मुलाने कोठे राहावे आणि कोणाबरोबर जेवावे, या प्रश्नाशी त्यांचा संबंध असा तरुणपणीच आला. त्यांचे शाळेतले शिक्षण इंग्रजी सहावीच्या पलीकडे गेले नाही.

पोटासाठी काहीतरी करणे भाग होते. ते साताऱ्याला आले आणि मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. गणितात नापास झालेला माणूस मास्तर झाला, याची गंमत वाटते खरी. पण मुलांना विषय का कळत नाही, हे ज्याला स्वतः अडायला झाले आहे त्याला अधिक चांगले समजते.

त्यानंतर भाऊराव एका वेगळ्याच व्यवसायात शिरले. ओगले यांच्या काचकारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव फिरू लागले. त्या काळी शेतकरी लाकडी नांगर वापरत. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, असा पुष्कळांचा समज होता. नांगर तयार होत, पण खपत नसत. अशा वेळी विक्रेत्याला नुसती किंमत सांगून भागत नाही. त्याला शेताच्या बांधावर जाऊन बसावे लागते, नांगर चालवून दाखवावा लागतो आणि आधी माणसाचा विश्वास मिळवावा लागतो. भाऊरावांना माणसे जोडण्याची कला होती. त्यांनी नांगर विकले आणि सातारा-सांगलीकडची खेडी पायाखाली घातली.

या भटकंतीत त्यांना एक गोष्ट दिसली. शेतकरी वर्षभर राबत होता, तरी तो कर्जातच होता. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे, हे त्याला वाचता येत नव्हते. तो कागदावर अंगठा उमटवी. किती मुद्दल, किती व्याज, किती फेडले आणि किती बाकी राहिले, हे त्याला कोणी सांगेल तेच खरे. नांगरामुळे त्याचे पीक वाढले असते, पण वाढलेले पीकही त्या वहीतच गेले असते. नांगराबरोबर या घरात अक्षर आणि आकडाही आला पाहिजे, हे भाऊरावांच्या मनात पक्के झाले.

येथे एक सांगण्यासारखे आहे. तुम्ही उर्दू शिकता, म्हणून पैशाच्या व्यवहारातील मराठी शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. जमा, खर्च, हिशेब, बाकी, नफा, कर्ज, रक्कम, वसूल हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. भाऊरावांच्या संस्थेच्या नावातही असाच एक शब्द आहे. तुम्ही ज्याला रइय्यत म्हणता, तीच मराठीतली रयत. रयत म्हणजे कष्ट करणारी सामान्य जनता.

साताऱ्यातील उद्योगपती धनजीशा कूपर यांना भाऊरावांनी नांगरांचा कारखाना काढण्यास प्रोत्साहन दिले. त्यासाठी स्वतः पुष्कळ खटपट केली. कारखान्याच्या नफ्यातील काही भाग गरीब मुलांच्या शिक्षणासाठी द्यायचा, असे ठरले होते. कारखाना उभा राहिला, पण ते वचन पाळले गेले नाही. भाऊरावांना फार दुःख झाले. त्यांनी तो नाद सोडला. एका श्रीमंत माणसाच्या नफ्यावर विसंबून राहण्यापेक्षा हजार गरिबांच्या मुठीवर विसंबणे बरे, असेच त्यांच्या पुढच्या कामाकडे पाहून वाटते.

मूठ हा शब्द येथे उगीच वापरलेला नाही. १९१०च्या सुमारास भाऊराव आणि त्यांचे मित्र यांनी दुधगाव येथे मुलांसाठी एक आश्रम काढला होता. तेथे सर्व जातींची मुले राहत. पैसा कोणाजवळच नव्हता. मग घरोघरी दररोज एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवायचे आणि ते आश्रमाला द्यायचे, अशी पद्धत त्यांनी पाडली. एका मुठीने कोणाचेही घर उपाशी राहत नाही. पण शंभर घरांच्या शंभर मुठी रोज जमल्या, तर वीस-पंचवीस मुलांचे जेवण सहज होते. गणित साधे होते. ते गावातल्या आयाबायांनाही समजले, कारण धान्य त्यांच्याच हाताने मोजले जात होते. आणि ज्या शाळेला आपण मूठभर का होईना धान्य दिले, तिची चौकशी माणूस करतोच. शाळा गावाची झाली ती अशी.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्थेचे मुख्य ठिकाण साताऱ्याला आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले तेथे एकत्र राहत आणि एकाच पंगतीत जेवत. आज यात कोणाला नवल वाटणार नाही. त्या काळी मात्र एकाच चुलीवरचे अन्न सर्वांनी खाणे ही मोठीच गोष्ट होती. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी या वसतिगृहात आले. त्यांच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. मुलांचा हा एकोपा पाहून गांधीजींना फार आनंद झाला.

हे वसतिगृह चालवणे सोपे नव्हते. मुले वाढत होती आणि पैसा पुरत नव्हता. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांच्या आईच झाल्या होत्या. कर्मठ घरातून आलेल्या या बाईंनी सर्व जातींच्या मुलांना आपल्या हाताने वाढले. त्यांचे दागिने एकेक करून विकले गेले. एके दिवशी भाऊराव गावाला गेले होते आणि कोठीतले धान्य संपले. लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले आणि त्या पैशातून मुलांना जेवू घातले. हिंदू आणि जैन घरांत मंगळसूत्र ही सौभाग्याची खूण मानतात. ते विकण्याचा विचारही कोणी करत नाही. १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या.

दागिन्यांवर वसतिगृह फार दिवस चालत नाही, हे भाऊराव जाणून होते. देणग्या मिळत, पण देणगीवर वाढलेल्या मुलाची मान खाली राहते, असे त्यांना वाटे. म्हणून मुलांनी आपल्या शिक्षणाचा खर्च होईल तितका स्वतःच्या कष्टाने भागवावा, असा नियम त्यांनी केला. कमवा आणि शिका या नावाने तो पुढे सर्व महाराष्ट्राला माहीत झाला.

ही योजना चाले कशी? वसतिगृहात नोकरचाकर नव्हते. पाणी भरणे, लाकडे फोडणे, दळण, स्वयंपाक, झाडलोट ही सर्व कामे मुले पाळीपाळीने करत. संस्थेला पडीक, खडकाळ जमिनी मिळत. मुले दगड वेचत, माती भरत आणि तेथे भाजीपाला व धान्य पिकवत. केलेल्या कामाचा मोबदला त्यांच्या जेवणाच्या आणि शिक्षणाच्या खर्चात वळता होई. बाजारहाटही मुलेच करत. भाजी काय भावाने आणली, तेल किती दिवस पुरले, कोठीत धान्य किती उरले, याची नोंद ठेवावी लागे.

आता विचार करा. ज्या मुलाने कधी चार आण्यांपेक्षा जास्त पैसे हातात धरले नाहीत, त्याच्याकडे शंभर मुलांच्या जेवणाचा बाजार सोपवला जातो. मंडईत त्याने घासाघीस केली नाही, तर त्याचेच मित्र महिनाअखेरीस अर्धपोटी राहणार. त्याने वहीत एक आकडा चुकीचा लिहिला, तर तो सर्वांसमोर उघडा पडणार. अशा मुलाला काटकसरीवर निबंध लिहायला सांगावा लागत नाही. शिवाय ज्याच्या हाती पैसे दिले त्याच्यावर विश्वास टाकलेला असतो, आणि हा विश्वास गरिबाच्या मुलावर त्या काळी दुसरे कोणी टाकत नव्हते.

मात्र या योजनेत एक अडचण होती आणि ती लपवण्याचे कारण नाही. दिवसभर घाम गाळलेला मुलगा रात्री कंदिलाच्या उजेडात पेंगू लागतो. कष्ट फार झाले तर अभ्यास मागे पडतो. कष्ट नसतील तर जेवण नाही. हा तोल सांभाळणे सर्वांत कठीण होते. अनेक मुले या कष्टातून शिकून शिक्षक, वकील, अधिकारी झाली. पण श्रीमंताच्या मुलाला जे शिक्षण सहज मिळते त्यासाठी गरिबाच्या मुलाने माती का उपसावी, हा प्रश्न उरतोच. भाऊरावांचे उत्तर असे होते की, काम सर्वांनाच करायचे आहे. ज्याचे आईबाप खर्च देऊ शकतात त्यानेही हातात झाडू घ्यावा, अशी त्यांची शिस्त होती.

१९३२ साली भाऊरावांचे काम पुण्यात आले. त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण केले. तेव्हा गांधीजी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यात जो समझोता झाला, तो पुणे करार म्हणून प्रसिद्ध आहे. या घटनेची आठवण म्हणून भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस सुरू केले. युनियन म्हणजे ऐक्य. त्या काळी पुणे हे विद्येचे मोठे केंद्र होते. येथे नामांकित शाळा आणि महाविद्यालये होती, पण खेड्यातल्या गरीब मुलाला, त्यातही दलित मुलाला, शहरात भाड्याने खोली मिळणे फार अवघड होते. कराराचे कागद वर्तमानपत्रांत छापून आले. या वसतिगृहात मात्र स्पृश्य आणि अस्पृश्य मुलांनी एका छपराखाली राहून तो रोज पाळायचा होता.

पुढे कामाचा व्याप वाढत गेला. खेड्यांना शिक्षक हवे होते, म्हणून १९३५ साली साताऱ्यात शिक्षक तयार करणारे विद्यालय निघाले. तेथून बाहेर पडलेले तरुण दूरच्या वाड्यावस्त्यांवर गेले. गावकऱ्यांनी देऊळ, चावडी किंवा एखादा गोठा शाळेला द्यायचा आणि संस्थेने शिक्षक द्यायचा, अशा भागीदारीतून शेकडो शाळा उभ्या राहिल्या. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. तेथे फी नव्हती. विद्यार्थ्यांनी तेथेच राहायचे, काम करायचे आणि शिकायचे. १९४७ साली याच तत्त्वावर साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. १९५५ साली शिक्षकांसाठी निघालेल्या महाविद्यालयाला मौलाना अबुल कलाम आझाद यांचे नाव देण्यात आले. या मोठमोठ्या नावांत कोठेही भाऊरावांनी स्वतःचे नाव घातले नाही.

याच काळात त्यांनी पैशाच्या व्यवहारालाही सहकाराचे रूप दिले. संस्थेचे शिक्षक थोड्या पगारावर काम करत. अडीअडचणीला त्यांना सावकाराचे दार ठोठवावे लागू नये, म्हणून १९४० साली रयत सेवक सहकारी बँक सुरू झाली. लक्ष्मीबाईंच्या नावानेही शिक्षणाला मदत करणारी पतपेढी निघाली. सहकारी पतपेढीचे तत्त्व सोपे असते. सभासद आपली छोटी बचत एकत्र ठेवतात, गरजू सभासद त्यातून कर्ज घेतो आणि ते परत करतो. परत आलेला पैसा दुसऱ्याच्या कामी येतो. म्हणून तेथे घेतलेले कर्ज बुडवणे म्हणजे आपल्या शेजाऱ्यालाच बुडवणे ठरते. नांगर विकताना भाऊरावांनी सावकाराची जी वही पाहिली होती, तिच्यापेक्षा ही वही अगदी निराळी होती. ती कोणीही उघडून वाचू शकत होता.

या सर्व कामाची खरी परीक्षा १९४८ साली झाली. महात्मा गांधींच्या हत्येनंतरच्या दिवसांत सरकारवर टीका केल्याचा ठपका भाऊरावांवर आला आणि मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. अनुदान म्हणजे सरकारकडून शाळांना मिळणारी मदत. ती एकाएकी थांबल्यावर पगार कोठून द्यायचे? मुलांना काय खायला घालायचे? भाऊरावांचे वय तेव्हा साठीच्या पुढे होते. ते पुन्हा गावोगाव फिरू लागले. ज्या रयतेने एके काळी मूठमूठ धान्य दिले होते, तिने आता पोती दिली, पैसे दिले. संत गाडगे महाराज हे भाऊरावांचे मोठे चाहते होते. त्यांनी सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर यांच्याकडे रदबदली केली. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात संस्था बंद पडली नाही. १९५४ साली कराडला महाविद्यालय निघाले तेव्हा त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले.

लोकांनी भाऊरावांना कर्मवीर ही पदवी दिली होती. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. इंग्रजी सहावीपुढे न गेलेल्या माणसाला विद्यापीठाने दिलेली ही सर्वांत मोठी पदवी होती. तेव्हा ते फार आजारी होते. ९ मे १९५९ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांचे निधन झाले. साताऱ्यात त्यांची समाधी आहे. त्यांनी मागे शंभरावर माध्यमिक शाळा, तीन महाविद्यालये आणि अनेक वसतिगृहे ठेवली.

पुणे विद्यापीठाला आता सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने चालते. बाहेरगावची गरजू मुले आणि मुली महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत रोज दोन-तीन तास काम करतात. किती तास काम झाले याची नोंद ठेवली जाते. महिना संपला की तासांचा हिशेब होतो आणि त्यातून कोणाची खाणावळीची रक्कम भागते, तर कोणाच्या परीक्षेच्या फीची सोय होते.